आयएनजी सर

हमीद सरांना ‘जेवलात का?’ असं विचारू नये. मालवणात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाहेरगावचा कुणी चुकून विचारतो आणि मग भर उन्हात रस्त्यावर अडकून पडतो.

“आज, की रोज?” सर विचारतात. “रोजचा म्हणत असशील तर जेवतंय. आताचा म्हणत असशील तर जेवूक बसतलंय. आणि झाला काय असा विचारत असशील तर तेच्यातय दोन प्रकार. ‘आय एट’ म्हटलंय, तर जेवण झाला, विषय संपलो. ‘आय हॅव ईटन’ म्हटलंय, तर जेवण झाला पण अजून पोटात आसा, म्हणान तुझो लाडू आता माका नको. ह्यातला खंयचा तुका व्हया?”

“सर, मी आपलं सहज विचारलं,” तो बिचारा म्हणतो.

“क्रियापद सहज नसता रे.”

सर आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक कुंपण आहे, आणि त्या कुंपणाला जाण्यायेण्यापुरती एक फट आहे. आयुष्यभर त्यांनी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. मलाही शिकवलं. धडे, कविता, पत्रलेखन सगळं ते उरकून टाकायचे, पण क्रियापदापाशी आले की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नसे. “काम कधी झाला ता घड्याळ सांगता,” ते म्हणायचे. “पण काम चालू आसा की संपला, ता कोण सांगतलो? तुझो बापूस?” मराठीत आम्ही साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती असं घोकून परीक्षेनंतर विसरलो होतो. इंग्रजीत त्या भानगडीला ॲस्पेक्ट म्हणतात, आणि सरांना त्यापुढे जगात दुसरं काही महत्त्वाचं वाटत नसे. चालू क्रियेच्या शेपटीला लागणारं ‘आयएनजी’ ते फळ्यावर एवढं मोठं लिहीत, की गावाने त्यांचं नावच आयएनजी सर ठेवलं. एका नव्या पोस्टमनला कुणीतरी माझं घर ‘आयएनजी सरांच्या बाजूचं’ असं सांगितलं, तर तो दोन दिवस आय. एन. गवंडी नावाचा माणूस शोधत होता.

सरांचं लग्न झालं नाही. तरुणपणी एकदा राजापूरकडची मुलगी बघायला गेले होते. मुलीच्या मामाने विचारलं, “मास्तर, चहा घेता ना?” सरांनी विचारलं, “घेता म्हणजे सवय विचारताय, की आताचं?” मामाने ट्रे आत पाठवून दिला. ही हकीकत सर स्वतःच सांगतात आणि वर म्हणतात, “प्रश्न चुकीचा नव्हता.”

त्यांची दुसरी ख्याती म्हणजे भीती. इतका भित्रा माणूस मी पाहिलेला नाही, आणि आपण भित्रे आहोत हे इतक्या मोकळेपणी सांगणाराही. त्यांच्याकडे स्कूटर नाही, साधी सायकल नाही, पण हेल्मेट आहे. ते घालून ते बाजारात चालत जातात, कारण वाटेवर दोन्ही अंगांना माड आहेत. वीज चमकायला लागली की रबरी चपला घालून खाटेवर बसतात. आमच्याकडे गॅसचा सिलिंडर बदलला की कुंपणापलीकडून आवाज येतो, “वैशू, वास येता?” मी नाही म्हणते. पाच मिनिटांनी परत, “येवक लागलो?” कुत्रा, विंचू, इंजेक्शन, माशाचा काटा, कशालाही भ्यायची त्यांना लाज वाटत नाही. आणि समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर असून जन्मात त्यांनी त्यात पाय भिजवलेले नाहीत. शाळेची सहल होडीतून किल्ल्यावर जायची, तेव्हा बाकीचे मास्तर पोरांबरोबर जात आणि हे धक्क्यावर उभे राहून होडी परत येईपर्यंत पाठीमागे हात बांधून फेऱ्या मारत.

आता मी जे सांगणार आहे ते तीन वर्षांपूर्वीचं. दिवाळी होऊन गेली होती. माझा नवरा सदा आणि आणखी पाच जण बोटमालक शेठच्या ट्रॉलरवर मासेमारीला गेले होते. वादळ होतं दूर, किनाऱ्याला लागणार नव्हतं, पण खोल समुद्रात वारा पिसाळला होता. निरोप गेले तशा बोटी माघारी फिरल्या. संध्याकाळपर्यंत एकेक करत सगळ्या आल्या. सदाची आली नाही. फोन लागत नव्हता. ती रात्र कशी गेली ते मी सांगत बसत नाही. सासू देवापुढे गाऱ्हाणं घालत होती, तेच तेच, आणि मी मोबाइल भिंतीच्या त्या एका जागी टेकवून ठेवला होता जिथे रेंज बरी येते.

सकाळी मी भाकऱ्या थापत होते. कुणी खाणार नव्हतं, पण हात रिकामे ठेवून बसवत नव्हतं. शेठ अंगणात आले. हातात मोबाइल. एका मोठ्या मालवाहू जहाजावरच्या कुणा परदेशी अधिकाऱ्याने पहाटे मेल पाठवला होता, आणि तो या हातातून त्या हातात फिरत शेठकडे आला होता. शेठनी एक ओळ वाचली, “फिशिंग बोट वॉज सिंकिंग. सिक्स मेन.” मग मान खाली घालून म्हणाले, “बोट बुडली गो. सहा माणसा होती म्हणता. मगे दिसली नाय.”

सासू होती तिथेच खाली बसली. शेजारच्या बायका जमल्या होत्या, त्यातल्या एकीने गळा काढला आणि मग सगळ्यांनीच. मला आठवतं, मी पिठाच्या हातांकडे बघत होते आणि हे धुवायला हवेत एवढंच डोक्यात होतं.

कुंपणाच्या फटीतून सर आले. डोक्याला हेल्मेट. त्यांनी शेठच्या हातातला मोबाइल काढून घेतला, चष्मा वर केला आणि वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचे ओठ हलत होते.

“बुडली म्हणान कोणी सांगितल्यान?” सरांनी विचारलं.

“सर, लिवलाहा ना तेच्यात.”

“हयसर लिवलाहा, वॉज सिंकिंग. म्हणजे बुडत होती. ‘सँक’ म्हटल्यान असता, तर बुडली. ‘हॅड संक’ म्हटल्यान असता, तर कधीच बुडली. ह्यो तसा काय म्हणूक नाय.”

शेठ वैतागले. “सर, ह्यो काय वर्ग आसा?”

“वर्गच आसा,” सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. बायकांचं रडणं एकदम थांबलं. आमच्यापैकी निम्म्या जणी त्यांच्या हाताखालून गेलेल्या होत्या, सवयच ती.

सासूने मात्र उभ्या जन्मात इंग्रजी ऐकलेलं नव्हतं. ती म्हणाली, “मास्तरांनु, माका समजात असा सांगा.”

सर तिच्यासमोर उकिडवे बसले. “आये, चुलीर पेज उतू जायत होती. तेवढ्यात तुमी झाकण काढलात. पेज उतू गेली?”

“नाय.”

“पण उतू जायत होती, ह्या खरा मां?”

“खरा.”

“तसाच ह्या. माडार माणूस चढत होतो म्हटला म्हणजे तो पोचलोच असा नसता. बोट बुडत होती. फुडे काय झाला, ता ह्येच्यात नाय.”

“म्हणजे अजून बुडूक नाय?”

सरांनी मोबाइलवर बोट ठेवलं. “ह्येच्यात तरी तसा लिवूक नाय.” मग उठून सगळ्यांकडे वळले. “रडा नकात. रडतत ता संपल्यार. आता फक्त भियाचा. भियाक हरकत नाय.”

आजवर मला कुणी दिलेला हा सगळ्यात विचित्र धीर. पण खोटं कशाला सांगू, मी हात धुतले, चपला घातल्या आणि सासूला घेऊन धक्क्यावर निघाले. सर आमच्या मागून. वाटेत भेटणारे लोक हळहळून म्हणत, “सदाची बोट बुडली मां?” आणि मागून सर प्रत्येकाला सांगत, “बुडत होती. बुडली नाय. नीट बोला.”

धक्क्यावर वीसेक माणसं उभी होती. वारा थोडा पडला होता, पण समुद्र अजून काळा आणि फुगलेला होता, आणि बाहेर जाऊ नये ही सूचना उठलेली नव्हती. सरकारी मदत येणार होती, कधी ते कुणी सांगत नव्हतं. मेलमध्ये बोट दिसल्याची जागा आकड्यांत दिलेली होती, ती सगळ्यांना कळली होती. पण जायचं की नाही यावर बोलणं अडलं होतं. एक म्हातारा म्हणाला, “बोट पहाटेक खाली गेली असात, तर आता जावन काय गावतला? वर आणखी पोरा घालवायची?” तो वाईट बोलत नव्हता. त्याचा एक मुलगा असाच गेलेला होता.

नंदू तांडेल पुढे आला. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, तिचा कर्ता माणूस. नंदू शाळेत माझ्या पुढे दोन वर्षं. ‘ही हॅज वेन्ट’ लिहिलं म्हणून सरांनी त्याला भर वर्गात उभं केलं होतं, आणि पुढे इंग्रजीतच तो नापास होऊन शाळा सोडून समुद्रावर गेला. तो सरांसमोर उभा राहिला.

“सर, माका खरा सांगा. बुडत होती, की बुडली?”

सरांनी शेठकडून मेल आपल्या मोबाइलवर घेतला होता. एव्हाना तो खालपर्यंत सगळा वाचून झाला असणार. ते समुद्राकडे बघत होते.

“बुडत होती,” ते म्हणाले.

“मगे जातंव,” नंदू म्हणाला.

दोन बोटी सुटल्या. एकेकीवर चार माणसं. धक्क्याचं पाणी सोडून त्या बाहेर पडल्या, तेव्हा लाटेवर नाक वर करायच्या आणि मग अख्ख्या दिसेनाशा व्हायच्या. सासूने डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. दोन काळे ठिपके होईपर्यंत बघत राहिले, आणि मग तेही नाहीत.

त्या दिवसाइतकं लांब काही मी अनुभवलेलं नाही. कुणी चहा आणला, तो निवला. सासू माझा हात धरून होती आणि मध्येच विचारायची, “पेज उतू जायत होती, नाय गो?” मी हो म्हणायची. सर थोडे बाजूला जाळ्यांच्या ढिगावर बसले होते. धक्क्यावर एकही माड नाही, तरी हेल्मेट काढलेलं नव्हतं. खिशातून वहीचा कागद आणि ते कायमचं लाल पेन काढून मांडीवर काहीतरी लिहीत होते. दुपारी कुणीतरी म्हणालं, “दोन बोटीतली एक दिसाक नाय खंय,” तेव्हा सर असे ताडकन उठले की पाय जाळ्यात अडकून पडले. अफवाच होती ती. कुणीतरी त्यांना उचलून बसवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, किती जीव टाकतो हा माणूस आमच्या सदासाठी.

चारच्या सुमाराला शेठचा फोन वाजला. नंदूची बोट रेंजमध्ये आली होती. शेठ ऐकत राहिले. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

“वैशू, सहाय गावले,” नंदू ओरडत होता, वाऱ्यात अर्धं ऐकू येत होतं. “सहाय जिते आसत. सदाच्या पायाक लागलाहा, बाकी बरो आसा.”

पुढचं मला नीट आठवत नाही. सासू माझ्या अंगावर कोसळली होती, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. त्या गर्दीतून सर वाट काढत माझ्यापर्यंत आले, माझ्या हाताला धरून त्यांनी फोन स्वतःच्या तोंडाजवळ ओढला. “नंदू, तुमी आठय येतात मां? आठय?” त्यांनी दोनदा विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही, पण सर तिथेच खाली बसले, धक्क्याच्या ओल्या दगडावर.

सदा घरी आला. पाय बांधलेला, अंग मिठाने सोललेलं. दोन दिवस नुसता झोपून होता. तिसऱ्या दिवशी बोलायला लागला. इंजिन बंद पडलं, मग पाणी भरलं. मासे ठेवायच्या मोठ्या पेट्या एकमेकींना दोरीने बांधून सहाही जण त्यांना धरून राहिले होते.

मी म्हटलं, “आणि ता जहाज गेला तेव्हा बोट बुडत होती ना?”

“खंयची बोट?” सदा म्हणाला. “जहाज दिसला तेव्हा बोट कधीच तळाक गेली होती. पाण्यार फक्त आमी आणि पेट्यो. तेंका आमचीच डोकी दिसली असतली.”

मी तशीच उठून कुंपणाच्या फटीतून सरांकडे गेले. मला वाटलं, सरांना ऐकून मजा वाटेल. सर पडवीत बसले होते. त्या दिवसापासून ते आमच्याकडे आलेच नव्हते, सदाला बघायलाही नाही. मी त्यांना सदा काय म्हणाला ते सांगितलं.

“माका म्हायत होता,” सर म्हणाले.

ते आत गेले आणि घडी घातलेला कागद घेऊन आले. धक्क्यावर लिहीत होते तो. सगळा मेल त्यांनी हाताने उतरून काढला होता आणि पोराची उत्तरपत्रिका तपासावी तसा लाल शाईने तपासला होता. शेठनी आम्हांला एकच ओळ वाचून दाखवली होती. खाली आणखी सात-आठ ओळी होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक क्रियापदाभोवती लाल गोल होता. ‘कॅप्टन इज नोइंग.’ ‘वी आर हॅविंग नो स्मॉल बोट.’ ‘आफ्टर वी वेअर नॉट सीइंग.’ कोपऱ्यात गुण दिले होते, दहापैकी दोन.

“बघ,” सर म्हणाले. “‘नो’, म्हणजे म्हायत असणा, आणि ‘हॅव’, ह्येंका असा आयएनजी लावणत नाय. ह्यो माणूस दिसला क्रियापद की लावता. तेका इंग्लिश येणा नाय गो. तेच्या ‘सिंकिंग’चो अर्थ बुडत होती पण जाता, बुडली पण जाता. काय एक नाय.”

“तुमका ह्या अंगणात म्हायत होता?”

“अंगणात एकच ओळ वाचलंय. धक्क्यार जायपर्यंत सगळा वाचून झाला.”

“म्हणजे नंदून विचारल्यान तेव्हा…”

“म्हायत होता.”

सर कागदाची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते.

“तुझी सासू माझ्याकडे बघी होती,” ते म्हणाले. “आणि सदा म्हणजे लहानपणापासून ह्या फटीतसून येवचो. माका तोंडातून दुसरा कायच काढूक येयना. पण आठ जण गेले वैशू. माझ्या एका शब्दार. आठांतल्या सात जणांक मी इंग्लिशात नापास केललंय. आणि त्येंनी माझ्या इंग्लिशार इस्वास ठेवल्यानी.” त्यांनी चष्मा काढला. “आता डोळो लागलो की आठय नावां येतत. हजेरी घेतल्यासारखी. एक जण ‘हजर’ म्हणणा नाय, तो खंयचो ता कळाच्या आधी जाग येता. नंदूक सांगा नको. कोणाकच सांगा नको.”

मी वचन दिलं, आणि महिनाभर पाळलंही. मग एकदा नंदू सदाला बघायला आला होता. चहा घेता घेता मी विषय काढला नव्हता, त्यानेच काढला.

“सर त्या दिशी माका फसवी होते,” तो हसत म्हणाला.

मी बशी खाली ठेवली. “तुका कोणी सांगितल्यान?”

“सांगूक कित्याक व्हया? सरांका खोटा बोलाक येणा नाय. खरा सांगतत तेव्हा डोळ्यात बघान सांगतत, त्या दिशी दर्याकडे बघी होते.”

“मग गेलंस कित्याक तू?”

नंदूने कप खाली ठेवला. “तो माणूस नारळाक भिता गो. पावसाक भिता. असो माणूस आठ जणांक दर्यात जावा म्हणता, तो किती जीव घट्ट करून म्हणत असात? मगे माका भियाक तोंड खंय रवला? आणि आमी सगळ्यांनी ता वळाखला. बोटयेर बोललंव पण. परत येतलंव आणि सरांका सांगतलंव, सर, तुमी नापास.” तो पुन्हा हसला. “पण सांगूक धीर झालो नाय.”

त्याच दुपारी मी गुपित फोडलं, पण उलट्या बाजूने. सरांकडे गेले आणि नंदू जे बोलला ते शब्दाला शब्द सांगितलं. सर खाटेच्या कडेला बसून ऐकत होते. बाहेर झावळ्या वाऱ्याने वाजत होत्या.

“सगळ्यांनी वळाखल्यानी?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यांनी.”

“आणि तरी गेले.”

“गेले.”

ते उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी हलवल्याचा आवाज आला. परत आले ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

“नंदूक सांग, आयतवारी जेवक येवा. आठय जण. सदाक पण घेवन ये,” ते म्हणाले. “मासे मी हाडतंय. ताटां मात्र तुझ्याकडची दी गो. माझ्याकडे एकच आसा.”